पालथा पेला

१ तारीख
आले एकदाची! स्वतंत्र खोली, मोठी खिडकी, दोन वेळचं जेवण. आणखी काय हवं? काम एकाच आजींचं. त्यांची वाचा गेलीय, डावा हात तेवढा हलतो. त्यांची लेक, ताई, भारी गोड बोलते. कपाटात आधीच्या बाईची वही सापडली. नुसती चित्रं! पालथा पेला, पेल्यात मेलेली माशी, वाकडा हात, रिकामी खाट. पोट धरून हसले. अंगठाबहाद्दर मेली! ती पानं फाडून खिडकीची काच पुसली. उरलेल्या कोऱ्या पानांवर मी लिहिणार. चौथीपर्यंत शाळा केलीय, उगाच नाही.

३ तारीख
म्हातारी हट्टी. पाणी पिते, चहा पिते. ताईनं स्वतः आणलेलं दूध दिसलं की पेला पालथा घालते. तीनदा चादर बदलली. समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी नाक दाबलं, तोंड उघडलं. अशीच खमकी बाई हवी होती, असं ताई म्हणाली. उरलेलं अर्धं मी प्यायले. दूध कुणी टाकतं का?

८ तारीख
उरलेलं दूध रोज मीच पिते, तर आज तिनं माझ्या हातातला पेलाही उलटवला. मी चापट मारली. ती माझा हात धरून रडली. मी सोडवून घेतला. बोटांना मुंग्या येतायत, कामानं असेल.

११ तारीख
दुधात माशी पडली. फडफडली नाही. मेलीच.
पेला, माशी, हात — माझा हात वळेना — आणि मग खाट.
चित्रं नव्हती ती. लिहिलं होतं बाईनं. आजीही रोज तेच लिहीत होती, पेल्यानं. मला अक्षर येतं म्हणून मिरवले. पालथा घडा मीच. नाक मी दाबलं. रोज. मी.

१२ तारीख
आजी गेल्या. ओरडायला गेले, तर नुसती लाळ. पळायला गेले, तर पाय उचलेनात.

१५ तारीख
ताई म्हणते, तुम्हाला पुढंमागं कुणी नाही, इथंच राहा. आजींच्याच खाटेवर. दूध आणते —

१७ तारीख
नवी बाई आली. वही तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नाही. ओशाळली, वही उशाखाली सारली.
ती चित्रं तिला कळली असती. मी काच पुसली त्यांनी.
पेल्याचं चित्र काढायला गेले — अक्षर सवयीनं कसंबसं उमटतं, चित्राच्या नुसत्या रेघोट्या —

१८
दूध. पालथं घातलं. बाई चिडली. रागवू कशी, मीही तर —
दुसरा पेला. पदर खोचून येतेय. नाकाला हात —