दोन बोटं फेस आणि गोत्रीचा फ्लॅट

मी, अहल्या जनार्दन दिघे, वय वर्षे शहात्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार गोत्री, बडोदे, माझे हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा विहंग हा कागद वाचून पहिली शंका तीच काढील, म्हणून आधीच जोडला.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळं विहंगला होतं. तेव्हा मला तो कळला नव्हता.

कलम १. गोत्री येथील राहता फ्लॅट माझी स्वकष्टार्जित मिळकत असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क वा बोजा नाही. तो मी माझी सून अस्मिता विहंग दिघे हिला एकटीला देते. विहंगचे नाव त्यास लावू नये. अस्मिता राहू देईल तोवर त्याने तिथे खुशाल राहावे.

कलम २. बँकेतील ठेवी विहंगला द्याव्यात. आईने नागवलं असं गावभर सांगत फिरायची सोय मला त्याला द्यायची नाही.

कलम ३. दूध फेसाळायचे छोटे यंत्र, ज्याला दुकानदार फ्रॉदर म्हणतात, तेही अस्मितास. हे वाचून हसणाऱ्याने पुढचे सावकाश वाचावे.

माझे पती कै. जनार्दन नकाशे काढायचे. आयुष्यभर सरळ रेषा मारल्या आणि निवृत्तीनंतर उजव्या हाताला कंपवात झाला. ह्यांना सकाळी आणि चार वाजता जायफळ घातलेली कॉफी लागे, तीही गॅलरीत, शेजारच्या धनाजीराव शिर्क्यांबरोबर गप्पा मारत. हात हलला की कॉफी बशीत, बशीतून लेंग्यावर. धनाजीराव बिचारे तेवढ्यापुरते रस्त्याकडे बघत. ते सांडणं आणि ते बघणं, दोन्ही मला बघवत नसे.

एकदा सयाजीगंजात एका कॅफेत वेटर दोन काठोकाठ भरलेले कप घेऊन जवळजवळ पळत गेला आणि थेंब सांडला नाही. वर फेस होता. अगं अहल्या, म्हटलं, तीस वर्षं पोरांना काय शिकवलंस? पाण्याच्या घागरीत बायका पाला टाकत, हिंदकळू नये म्हणून. फेस तेच काम करतो.

घडियाळी पोळातल्या भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बेन, आ तो जुवानियाओ माटे छे." म्हणजे हे तरुणांसाठी, म्हातारीला कशाला? मी म्हटलं, "भाई, चाले छे के नहीं ए कहो." पहिलं घेतलं त्याची दांडी आठवड्यात वाकली. दुसरं दट्ट्याचं, वरखाली करून माझाच खांदा भरून आला. तिसरं सेलवर चालणारं, जाड दांडीचं, टोकाला तारेचं दुहेरी वेटोळं. तेच ठरलं. कप घेऊन मी स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारल्या, मुद्दाम हात हलवत. एक बोट फेस कमी पडतो, तीन बोटं असला तर नाकाला लागतो. दोन बोटं बरोबर.

आमच्या घरांत एक खुळेपणा आहे, दूध तीनदा उकळल्याशिवाय आणि वर जाड साय आल्याशिवाय ते दूधच नाही म्हणायचं. सायीला तूप असतं, फेस नसतो. साय तारेला गुंडाळते नि यंत्र रडत बसतं. दूध गाळून घ्यावे. तीन आकडे मोजेपर्यंत पातेल्याला बोट टेकवता येईल इतकेच तापवावे. तार आधी पृष्ठभागाच्या जरा खाली धरावी, फुगायला लागलं की खोल न्यावी. झाल्याबरोबर कोमट पाण्यात फिरवून धुवावी. इतकं साधं आहे, पण समजून घ्यायला माणसाला डोकं लागतं आणि कोणाची तरी कणव लागते.

कलम ४. माझी नणंद निरुपमा वन्सं यांना पहिला, वाकलेला फ्रॉदर द्यावा. "वहिनी, या वयात हॉटेलचे चोचले?" असं त्या चारचौघांत म्हणाल्या. नंतर माझ्या नकळत माझ्याच चांगल्या फ्रॉदरने ताक घुसळलं, लोण्याचा गोळा तारेत अडकवला आणि वर "तकलादू वस्तू गं तुझी" असा शेराही मारला. सख्ख्या भावाचा हात कशाने हलतो हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. वाकलेल्याने ताक बरं होईल.

कलम ५. विहंगने दिवाळीला पाठवलेले कॉफीचे मोठे यंत्र त्याचे त्याला परत करावे, खोक्यासह, थर्माकोलसह. वाफ सोडतं, शिट्ट्या मारतं, ओट्याची अर्धी जागा खातं. आल्यावर त्याने कपातल्या फेसावर पानाची नक्षी काढून दाखवली, फोटो काढला आणि फोनवर टाकला. "आई, याला म्हणतात कॉफी." हो का? बापाला कोणत्या हाताने कप धरता येतो ते मात्र साहेबांना ठाऊक नव्हतं.

कलम ६. झाकणाला चोच असलेला प्लास्टिकचा पेला विहंगलाच द्यावा, आणि का दिला तेही वाचून दाखवावे.

ह्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. वीसेक माणसं. हे स्वयंपाकघरातून स्वतः कप घेऊन निघाले, फेस दोन बोटं, आणि खुर्चीपर्यंत पोचले. थेंब नाही सांडला. चेहरा काय फुलला होता! तेवढ्यात विहंग उठला. "बाबा, सांडेल हं, नवा झब्बा आहे." कप काढून घेतला, कॉफी त्या चोचीच्या पेल्यात ओतली आणि सगळ्यांदेखत ह्यांच्या तोंडाला लावली. वन्सं म्हणाल्या, "बाई, किती करतो गं मुलगा!" ह्यांनी एक घोट घेतला, शहाण्या मुलासारखा.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरी बंद. मग कॉफीही नको म्हणाले, "उगाच तुला त्रास." धनाजीराव यायचे, रिकाम्या खुर्चीशी थांबून परत जायचे. अकरा आठवड्यांनी हे न्यूमोनियाने गेले. विहंगने मारलं असं मी म्हणत नाही, तितकी मी मूर्ख नाही. त्याने त्यांना लहान केलं, एवढंच म्हणते, आणि ते मी माफ करत नाही.

अस्मिताने मात्र त्या अकरा आठवड्यांतच विचारलं होतं, "आई, फेस किती लागतो? मला शिकवाल?" पहिल्या दिवशी तिने दूध उतू जाऊ दिलं. चौथ्या दिवशी जमलं. कप ह्यांच्या पलंगाशी नेऊन ठेवला आणि पाठ फिरवून खिडकीचा पडदा सारखा करत बसली, उगीचच. हे प्यायले. शेवटचे तीन आठवडे तिच्या हातची कॉफी, स्वतःच्या हाताने. फ्लॅट तिला का, याचं उत्तर हे.

कलम ७. वकील म्हणतात, हे कलम कायद्यात बसत नाही. न बसो. वाढदिवसाच्या दिवशी मी कुठे होते? स्वयंपाकघराच्या दारात, ओला फ्रॉदर हातात घेऊन. दोन पावलं पुढे होऊन तो पेला हिसकावून घ्यायचा होता. पाहुण्यांसमोर मुलाचा अपमान नको म्हणून मी उभी राहिले, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी हसले. विहंगला निदान कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. वरच्या सर्व कलमांतला तिरस्कार खरा आहे, पण त्याचा मोठा वाटा माझा आहे, आणि तो मी कोणाच्या नावे करू शकत नाही.

मृत्युपत्राची अंमलबजावणी अस्मिताने करावी.

आता माझाही हात हलू लागला आहे. वकील म्हणाले, "आजी, अंगठा दिलात तरी चालेल." मी नको म्हटलं. विहंग शेजारी बसून माझं मनगट धरायला पुढे झाला. त्याला म्हटलं, "हात बाजूला घे." या वेळी म्हटलं. सहीला वेळ लागेल, तेवढा वेळ सगळ्यांनी थांबावं.

सही: अहल्या जनार्दन दिघे

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष व एकमेकांसमक्ष वरील सही झाली:
१. धनाजीराव शिर्के, गोत्री, बडोदे
२. मोहना वैद्य, सयाजीगंज, बडोदे

स्थळ: बडोदे
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५