मुख्याध्यापिकाबाईंचा राखाडी कोट

ता. २० फेब्रुवारी

ती. कात्रीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, पुन्हा कात टाकायची वेळ आली बरं का! टक्कल केलं, अंगभर चांदी फासली, मिशा लावूनही गायले. पण मागच्या दोन अवतारांना लोकांनी चक्क जांभया दिल्या. सात मार्चला टीव्हीवरच्या कार्यक्रमात नवं रूप चाललं नाही तर गाण्यांची कंपनी करार मोडणार आहे. खरं सांगू? रोज उठून कॅलेंडरवरचे दिवस मोजते.

या वेळी लाल पिसांचा झगा शिव. तुझा नियम पाळेन, खोकं कार्यक्रमाच्या दिवशीच उघडेन. आधी उघडलं की मी शंभर चुका काढते, मान्य! आईला सांग, वेळेवर जेवते.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.
तुझी भाची,
सरडू

ता. ८ मार्च

चि. सरडूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, माझी अक्कल शेण खायला गेली होती! काल सकाळी आपल्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई पिसांचा झगा घेऊन दारात उभ्या. म्हणजे त्यांच्यासाठी शिवलेला राखाडी कोट तुझ्याकडे! तुमची मापं सारखी, खोकी सारखी, आणि मी पत्ते उलटे चिकटवले. दहा वेळा फोन केला, पण कार्यक्रमाच्या दिवशी तू कुठली उचलतेस!

टीव्ही लावायची हिंमतच झाली नाही. तुझं नुकसान झालं असेल तर तोंड कसं दाखवू? मशीन झाकून ठेवलंय, आता शिवणं बंद. रागाव हवं तर, पण खरं काय ते कळव.

तुझी काळजी करणारी,
आत्या

ता. १२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी मशीन उघड बघू!

खोकं उघडलं आणि मी रडलेच. मॅनेजर म्हणाला, जुनी चांदी फास. पण जुनंच घालायचं तर गाणं सोडलेलं बरं. कोट चढवला तर आरशात थेट शाळेतल्या बाई दिसल्या! मग केस घट्ट बांधले, स्टेजवर गेले आणि हजारो लोकांना आधी गप्प बसायला सांगितलं. आत्या, बसले गं! ताल चुकला म्हणून ड्रमवाल्याला कोपऱ्यात उभं केलं. लोक हसून हसून बेजार. मग गायले, तर शेवटची रांगसुद्धा नाचत होती.

बाईंना सांग, कोट विसरा. सोमवारी कंपनीने तीन वर्षांचा करार पुढे केला. मी एकच अट घातली, कपडे आत्याच शिवणार. ते म्हणाले, आत्या आता थकल्या, चुका करतात. मी म्हटलं, म्हणूनच तर! आणि सही केली.

माया आहेच, वरचेवर लिहीत जा.
तुझीच,
सरडू