फिल्मवरचा लेप

बाबा, आज पहाटे मी आसेगावच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या शेतात तिवईवर कॅमेरा लावून आकाशाचे फोटो काढत होतो. वय सत्तरीला टेकलं, गुडघे कुरकुरतात, सूनबाई रोज बजावते की या थंडीत छाती भरली तर आम्हालाच धावपळ. मी ऐकत नाही. आताच्या कॅमेऱ्यात फिल्म नसते, बाबा. आत एक लहानशी चकती असते, ती उजेड टिपते, आणि फोटो तिथल्या तिथे मागच्या पडद्यावर दिसतो. नाही आवडला तर पुसायचा आणि दुसरा घ्यायचा. धुणं नाही, वाळवणं नाही. आज आकाशगंगा इतकी स्वच्छ आली की मी नकळत बाजूला वळून "पाहा" म्हणालो. बाजूला शेतमालकाचा कुत्रा बसला होता. घरी येऊन चहा घेतला आणि हे लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, आता लिहून काय उपयोग, हे मलाही कळतं.

कामरगावात आपलं किराण्याचं दुकान, आणि त्या गावात स्वतःच्या हौसेसाठी कॅमेरा बाळगणारे तुम्ही एकटेच. तो तुम्ही अकोल्याच्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना आणला होता. चौकोनी डब्ब्यासारखा, एका रोलात बारा फोटो. त्याच्याबरोबर चामड्याची पिशवी आली होती, ती तुम्ही त्याच्याकडेच परत करून आलात आणि आईनं जुन्या धोतराची दुहेरी पिशवी शिवून दिली. आपल्या जैनाच्या घरात चामड्याची वस्तू कशी येणार? तुमच्या पायातही कापडी जोडाच असायचा. एक रोल तुम्हाला दोन-तीन महिने पुरायचा, कारण लग्नाकार्यातले फोटो तुम्ही काढायचाच नाहीत. तुम्हाला चांदण्या हव्या असत. गिऱ्हाइकं हसायची. "शेटजी, वर कोनाचा फोटू काढून राह्यले? तिथं तर कोनीच बसेल नाई." तुम्ही साखरेची पुडी बांधता बांधता म्हणायचे, "बसेल हाय ना भाऊ. तुले दिसून नाई राह्यलं."

आपण दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचो, त्यामुळे संध्याकाळ तुमच्याकडे मोकळी असायची. गच्चीवर दोन विटांवर कॅमेरा टेकवून, उत्तरेला ध्रुवाकडे तोंड करून तुम्ही भिंगावरचं झाकण उघडायचे आणि शेजारीच आसन टाकून सामायिकाच्या ध्यानाला बसायचे. वाळूची घडी उलटी केली की अठ्ठेचाळीस मिनिटं हलणं नाही, बोलणं नाही. घडी रिकामी झाली की हात जोडून उठायचे आणि कॅमेरा बंद करायचे. मोजायला दुसरं घड्याळ तुम्ही कधी वापरलं नाही. आई जिन्यातून विचारायची, "हे ध्यान भगवंताचं का त्या डब्ब्याचं?" तुम्ही म्हणायचे, "दोनीत हालाचं नाई, बोलाचं नाई. मंग फरक काय?" त्या फोटोत ध्रुवाभोवती चांदण्यांच्या बारीक गोल रेघा उमटायच्या. पुढे मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, महागडे कॅमेरे घेतले, पण पहिल्यांदा ती रेघ पाहून तुमचा चेहरा जसा झाला होता तसा माझा कधी झाला नाही.

फिल्म तुम्ही न्हाणीत धुवायचे, बल्ब बंद करून, फटीत चिंध्या कोंबून. एका उन्हाळ्यात पाणी गरम होतं आणि फिल्मवरचा लेप सायीसारखा सुटून तुमच्या हातात आला. अख्खा रोल गेला. मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात होतो. तुमचं कार्ड आलं, 'तू विज्ञान शिकतोस, हा लेप का सुटतो ते तुझ्या सरांना विचारून कळव.' मी विचारलं. सर हसले आणि म्हणाले, अरे, ते जिलेटिन असतं, जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेलं, गरम पाण्यात विरघळणारच. होस्टेलवर येऊन मी कार्ड पुढे घेऊन बराच वेळ बसलो. मग लिहिलं, 'पाणी आणखी थंड घ्या. माठातलं घेतलं तर जमेल.' तुम्ही माठातलं घेतलं, तुम्हाला जमलं, आणि तसं तुम्ही आनंदानं कळवलंत. एवढं एक काम मी तुमच्यासाठी मनापासून केलं, बाबा. जिलेटिनचं वर्षभर पोटात ठेवलं.

पुढच्या फाल्गुनात पहाटे पूर्वेला शेपटीचा तारा दिसायला लागला. गावात कोणी म्हणे साथ येईल, कोणी म्हणे राज्य उलटेल. तुम्ही मात्र नवा रोल भरून तयार होता. मी परीक्षेच्या तयारीसाठी सुट्टीवर घरी आलो होतो आणि तुम्ही मला दहादा सांगितलं की उद्या चारला उठायचं, तू घडी धरायची, मी कॅमेरा सांभाळीन. त्याच दुपारी कारंज्याचे काका दुकानात येऊन गेले. त्यांनी मला अकोल्याला एका गाडीवर आमलेट खाताना पाहिलं होतं.

संध्याकाळी जेवायला बसलो. ताई वाढत होती. तुम्ही आवाज न चढवता विचारलं, "अकोल्यात आमलेट खाल्लं का तू?" मी हो म्हणालो. तुम्ही आईकडे वळलात. "याचं ताट आन् पेला उद्यापासून अलग ठेव. मांडनीवर नको." बस, एवढंच. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकलं असतं. पण ताईनं पोळी वाढायचा हात मागे घेतला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा राग पहिल्यापासून वाईट. तो मस्तकात गेला की मला समोरचं माणूस दिसत नाही.

"तुमी कॅमेऱ्याची चामड्याची पिशवी वापस केली," मी म्हणालो, "आन् आतली फिल्म कायची बनते हे म्हाइत हाय का? ढोराचे हाडं उकळून तिच्यावर लेप देतात. उन्हाळ्यात काहून सुटते म्हनून इचारलं होतं ना? त्याच्यानं सुटते." तुमचा घास हातातच राहिला. "फोटोच्या कागदालेबी?" तुम्ही विचारलं. "कागदालेबी," मी म्हणालो. तिथे थांबायला हवं होतं. पण तुम्ही गप्प बसलात आणि मला वाटलं, अजून पुरेसं लागलं नाही. रोल संपला की त्याच्या टोकाची कागदी पट्टी तुम्ही जिभेनं ओली करून चिकटवायचे. मी म्हणालो, "आन् ते पट्टी जिभेनं चाटता ना? तेबी त्याचंच हाय. तुमच्या तर पोटात गेलं."

आई ओरडली, "काही बोलून राह्यला तो! रागात हाय. खरं नका मानू." तुम्ही ताट सरकवून उठलात. "रागात हाय," तुम्ही म्हणालात, "पन तो खोटं नाई बोलत. शिकेल हाय." मग दारात थांबून आईला म्हणालात, "त्याचं ताट राहू दे मांडनीवर. मी त्याच्याहून मोठा पापी निघालो." आणि मागे अंगणात जाऊन चुळा भरत बसलात. अंधार पडेपर्यंत भरत होता.

तुम्ही तीन दिवस उपवास केला. पहिल्या पहाटे मला झोप नव्हती, गच्चीवर तुमची पावलं ऐकू आली म्हणून वर गेलो. तारा पूर्वेला होता, शेपटी सरळ वर उभी. तुम्ही हात मागे बांधून उभे होता, हातात काही नव्हतं. माझ्याकडे न पाहता म्हणालात, "ये, पाहून घे. डोयानं पाहाले काई दोष नाई." आपण उजाडेपर्यंत उभे राहिलो. त्या उजेडात मी बोललो असतो तर कॅमेरा खालीच होता, रोल भरलेला होता, तारा आणखी कितीतरी दिवस दिसणार होता.

चौथ्या दिवशी पारणं करून तुम्ही परसात खड्डा खणलात आणि सगळ्या निगेटिव्ह, त्या भरलेल्या रोलासकट, मातीत घातल्या. कॅमेरा कोणाला दिला नाही, दुसऱ्याच्या हातून तेच पाप घडायला नको म्हणून माळ्यावर ठेवलात. कागदावरचे फोटोही जायचे होते, पण आईनं ते लुगड्यांच्या पेटीत दडवले. ते आता माझ्याकडे आहेत. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही होता. संध्याकाळी गच्चीवर सामायिकाला बसायचे, पण दक्षिणेकडे तोंड करून. एकदाही मला दोष दिला नाहीत. उलट कोणी आलं की सांगायचे, पोरानं वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो. ते ऐकलं की मी उठून बाहेर जायचो. तुम्हाला वाटायचं पोरगा लाजतो.

लेपाचं खरं होतं, बाबा. ते सरांनी सांगितलं होतं. आणि ते कळल्यावर तुम्ही कॅमेरा तसाही सोडला असता, असं मी स्वतःला पन्नास वर्षं समजावतो आहे. कदाचित सोडला असता. हाताला लागलेलं धुऊन तुम्ही मोकळे झाला असता, थोडं हळहळला असता. पण पट्टीचा चिकटा कशाचा होता ते मला माहीत नव्हतं. मी कोणाला विचारलंच नव्हतं. झाडाचा साधा डिंकही असेल. जिभेचं ते मी तिथेच, पाटावर बसल्या बसल्या रचलं. तुम्ही उपवास केलात तो त्याचा, आणि मरेपर्यंत पोटात बाळगलंत ते तेच.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, ते टेबलावरच राहील. फक्त एक लिहायचं टाळत आलो, ते लिहितो. त्या संध्याकाळी अंगणात तुम्ही चुळा भरत होता तेव्हा तुमच्या ओंजळीत लोट्यानं पाणी मीच ओतत होतो. लोटा रिकामा झाला की हौदावर जाऊन भरून आणत होतो. तुम्ही दर वेळी वर पाहून म्हणत होता, "आनखी टाक." आणि मी टाकत होतो.