उभाच बरा

॥ श्री ॥
दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी सकाळी मी साडेचारला उठलो. गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेऊन अर्धा तास पडून राहिलो, मग हिच्याकडून तेल चोळून घेतले. बूट आदल्या दिवशीच चकचकीत करून ठेवले होते, तरी पुन्हा एकदा फडके मारले. देवापुढे उभा राहून हात जोडले. निघताना दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या आणि तिसरी खिशात ठेवली. लष्करी इस्पितळात डॉक्टरांच्या मंडळापुढे माझी तपासणी होती. नोकरीत असताना कमरेला झालेल्या दुखापतीची भरपाई मिळावी म्हणून जो अर्ज तू माझ्या मागे लागून करायला लावलास, त्याचीच ही तपासणी. म्हणून सगळी हकीकत तुलाच आधी कळवतो.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टपुढे रांग होती, आणि रांगेत कुबड्या घेतलेले लोक होते. त्यांच्यात उभे राहायला मला लाज वाटली. मी जिन्याने गेलो, कठड्याला हात न लावता. आत तीन डॉक्टर होते. मधल्या बाई आपल्या पोरीच्या वयाच्या, पण चांगल्या करारी. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवले, मी म्हणालो उभाच बरा. कसे आहात म्हणून विचारले, मी म्हणालो देवाच्या दयेने उत्तम. वाका म्हणाल्या, वाकलो. पावलाला टाचणी लावून कळते का असे विचारत गेल्या, मी प्रत्येक वेळी हो म्हणालो. शेवटी म्हणाल्या की या वयात इतका ताठ माणूस क्वचित बघायला मिळतो. खोटे कशाला बोलू, बरे वाटले ऐकून.

काल निकाल आला. अर्ज नामंजूर. नक्कल सोबत ठेवली आहे. सहा महिन्यांत फेरअर्ज करता येतो म्हणतात, पण मी करणार नाही. बुकबाइंडिंगचे काम चालू आहे. कागद कापायचे मशीन मालक माझ्याशिवाय कुणाच्या हाती देत नाहीत. पोटापुरते मिळते, आणखी काय हवे? तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन कधी ठरले ते कळव.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


दि. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा चष्मा काढून ठेवला. अरे बाबा, तू तपासणीला गेला होतास की परेडला? गोळ्या खाऊन, तेल लावून, बूट चमकवून कुणी दुखणे दाखवायला जाते का? छत्तीस वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काढली मी. राउंडच्या वेळी जो पेशंट केस विंचरून, चादर नीट करून उत्तम आहे म्हणायचा, त्याचीच पाठ मी आधी उलटून बघायची. आणि दर वेळी तिथे काहीतरी निघायचेच.

आता एक विचारते, खरे सांग. टाचणी लावताना त्या बाईंनी डोळे मिटायला सांगितले असणार. तू मिटलेस का? लपंडावात राज्य आले की तू बोटांच्या फटीतून बघायचास. आईला कधी कळले नाही, पण मला कळायचे. भावजयीकडून मला समजले आहे की तुझी चप्पल रस्त्यात पायातून निघून जाते आणि तुला पत्ता नसतो. परवा म्हणे फळवाल्याने ती घरी आणून दिली. कळणाऱ्या पायाची चप्पल अशी हरवत नाही.

दुसरी गोष्ट. निकालाच्या नकलेत लिहिले आहे की कामाची वेळ नसताना तू हौदावर अंघोळ करताना घसरलास, म्हणून ही दुखापत नोकरीतली धरता येत नाही. त्या वर्षी तू रजेवर आलास तेव्हा तुझ्या पाठीवर आडवा काळानिळा पट्टा होता, वीतभर रुंद, कडांना पिवळा पडत आलेला. शेक मीच दिला होता. घसरलेल्या माणसाला असा पट्टा उठत नाही, काहीतरी अंगावर आलेल्या माणसाला उठतो. तेव्हा आई आजारी होती म्हणून मी खोदून विचारले नाही. आता विचारते.

फोनवर तू ठीक आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर तुला एवढ्यात सुटता यायचे नाही, म्हणून लिहिते आहे. माझा डोळा पुढच्या महिन्यात. तोवर एका डोळ्याने तुझ्यावर नजर ठेवायला मी पुरेशी आहे.

रागावले तरी जीव तुझ्यातच आहे, हे तुला माहीत आहे.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डोळे मिटले होते, पण पुरते नाही.

तू सरळ विचारलेस म्हणून सरळ लिहितो. बावीस वर्षांपूर्वी एका नदीवर आम्ही तात्पुरता पूल उभारत होतो. दिवस मावळत आला होता. आमच्या टोकाला आम्ही दोघेच, मी आणि पैलवान. बाकी सगळे पलीकडच्या काठावर. इशारा मिळाल्याशिवाय टेकूची खीळ काढायची नसते. पैलवानाने ती काढली. तो काही कामचुकार नव्हता, पण पंधरा दिवसांवर त्याचे लग्न आले होते आणि चित्त तिकडे होते. लोखंडी तुळई सरकली आणि तो तिच्याखाली सापडला. मी खाली घुसून तुळईला पाठ दिली. किती वेळ ते सांगता येत नाही, दोन-चारदा देवाचे नाव घेऊन झाले असेल. तो सरपटत बाहेर आला, आम्ही मिळून टेकू पुन्हा बसवला, आणि कुणाला काही कळले नाही. दोन दिवसांनी माझा डावा पाय बधिर झाला, तेव्हा मी डॉक्टरांना हौदाची गोष्ट सांगितली. खरे सांगितले असते तर पैलवानाला शिक्षा होती, रजा रद्द होती, मग लग्नाचे काय झाले असते कोण जाणे. त्यालाही मी एवढेच सांगितले की मुका मार आहे.

तेव्हा खोटे बोललो ते दुसऱ्यासाठी, आणि ते मला कधी जड गेले नाही. आता खरे बोलायचे ते स्वतःच्या फायद्यासाठी, तेही त्याच्या नावावर ठपका ठेवून. हे काही मला पेलवत नाही. आपल्या गावच्या शाळेतले गुरुजी सांगायचे की आपण कुणासाठी काही केले असेल तर ते त्याला ऐकवू नये. मी रोज देवापुढे उभा राहतो. मांडी घालून बसता येत नाही म्हणून उभा राहतो, हे त्याला ठाऊक आहे. त्याला ठाऊक आहे तेवढे मला पुरे.

पैलवानाच्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण तुलाही आले होते, तेव्हा त्याचा पत्ता तुझ्याकडे असणार. त्याला यातले अक्षरही कळवू नकोस. माझी शपथ आहे तुला.

डोळ्याला जप. लोभात अंतर पडू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २० फेब्रुवारी

प्रिय महाराज यांस,
स. न. वि. वि.

तुझ्या ताईंचे पत्र आले. त्यांनी लिहिले आहे की तू शपथ घातली होतीस, पण पेशंटने घातलेली शपथ त्यांनी नोकरीत कधी पाळली नाही, आणि निवृत्त झाल्यावर नवी सवय लावून घ्यायची त्यांची इच्छा नाही. मी दुकानात सायकलचे पंक्चर काढत होतो. पत्र वाचले आणि ट्यूब पाण्यात तशीच धरून बसलो. शेवटी गिऱ्हाईक म्हणाले की बुडबुडे कधीचे येताहेत, पैलवान, आता बाहेर काढा.

महाराज, बावीस वर्षे मी हा किस्सा लोकांना हसवत सांगत आलो आहे. तुळई माझ्या अंगावर आली, आमच्या महाराजांनी पाठ दिली, आणि महाराजांना झाले काय, तर मुका मार! लोक हसायचे, त्यांच्याबरोबर मीही. माझ्या पोरीच्या लग्नात तू सगळा वेळ भिंतीशी उभा होतास. मी स्वतः खुर्ची आणून दिली, तर म्हणालास उभाच बरा. मी चार जणांना सांगत फिरलो की बघा, याला म्हणतात साधा माणूस. आता ते आठवले की कुठे तोंड लपवू असे होते.

मला तुझा राग आला आहे. मला वाचवलेस, ते वाचवलेस. लग्न होईपर्यंत गप्प राहिलास, तेही समजू शकतो. पण त्यानंतर बावीस वर्षांत तुला एक दिवस सापडला नाही? माझी चूक होती, ती माझ्याजवळ असायला हवी होती. तू ती तुझ्या कमरेत ठेवून घेतलीस आणि मला हसत ठेवलेस. हे बरोबर नाही केलेस.

बायकोला सगळे सांगितले. ती आधी रडली. मग म्हणाली की हे लग्न महाराजांना फारच महाग पडले. मी म्हटले, मलाही. त्या दिवशी मला जेवण बरेच उशिरा मिळाले.

सोबत माझे निवेदन आहे. खीळ मी काढली, इशारा मिळाला नव्हता, कामाची वेळ होती, पाठ कुणी दिली, सगळे लिहून जुन्या नंबरासकट सही केली आहे. माझ्या पेन्शनला काही धोका आहे का म्हणून माजी सैनिकांच्या कार्यालयात विचारले. कारकून म्हणाला, बहुधा नाही. त्या बहुधावर मी सही ठोकली. पाकीट तुझ्या नावे पाठवतो. पुढे धाडायचे की फाडायचे ते तू ठरव. पण फाडलेस तर मी दुसरे लिहीन. मला आता पाठ झाले आहे.

वहिनींना नमस्कार. आहे तो जीव लावत राहा, आणि जमले तर मलाही थोडे लावू दे.

तुझा,
पैलवान


॥ श्री ॥
दि. ११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही, कारण मी रागावलो होतो. तीन वेळा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी ठीक म्हणालो, ते तुझ्या लक्षात आलेच असेल. तुझा डोळा छान झाला हे मला हिच्याकडून कळावे, यात चूक माझीच.

पैलवानाचे पाकीट देवाच्या तसबिरीमागे ठेवले होते. रोज हात जोडताना त्याचा कोपरा दिसायचा. फाडवत नव्हते आणि धाडवतही नव्हते. देवाने काहीतरी सांगावे अशी वाट बघत होतो.

गेल्या महिन्यात, एका सोमवारी, मी मशीनवर होतो. या मशीनला खाली एक पेडल असतो. तो पायाने दाबला की वरून लोखंडी पट्टी येऊन कागदांचा गठ्ठा घट्ट दाबून धरते, मग पाते फिरवायचे. आमच्याकडे वह्या शिवणाऱ्या मावशी आहेत. गठ्ठा वाकडा बसला होता म्हणून त्यांनी हात घालून तो सरळ केला, आणि पट्टी खाली आली. मी ती आणली नव्हती, निदान मला तसे वाटत होते. खाली बघितले तर माझे डावे पाऊल पेडलवर होते. ते तिथे कधी गेले, मला कळलेच नाही. मावशींनी हात ओढून घेतला, पट्टी नखाला चाटून गेली. त्या हसत म्हणाल्या की काकांची आज तंद्री लागली वाटते. मालकही हसले. मी पाऊल डोळ्यांनी बघत बघत पेडलवरून मागे घेतले.

ताई, पैलवानाने खीळ काढली तेव्हा त्याला कळले नव्हते आपण काय करतो आहोत. माझा पाय बधिर आहे हे मला बावीस वर्षे माहीत होते. तरी मी रोज त्या पेडलशी उभा राहत होतो आणि मशीन माझ्याशिवाय कुणाला जमत नाही म्हणून मनात सुखावत होतो. दुखणे माझे एकट्याचे आहे, ते झाकले तर कुणाचे बिघडते, असे मी समजत आलो. बिघडले असते ते मावशींचे. त्यांचे तर त्याच हातांवर पोट आहे. देवाने काही सांगायचे राहिले होते असे मला मग वाटले नाही.

त्याच दिवशी मालकांना सगळे सांगितले आणि मशीन सोडले. सध्या बसून पुठ्ठ्यांना कापड चिकटवतो. मिळकत निम्म्यावर आली आहे, म्हणजे आता हा अर्ज हौसेचा राहिला नाही.

मग अर्ज लिहायला बसलो. त्यात एक रकाना आहे, दैनंदिन जीवनात काय करता येत नाही असा. मी लिहिले, विशेष काही नाही. हिने मागून वाचले, ते खोडायला लावले आणि मला लिहायला सांगून स्वतः बोलत सुटली. मोजा घालता येत नाही, अंघोळीचे पाणी पायावर किती गरम आहे ते कळत नाही, मागच्या वर्षी भाजलेले तिलाच आधी दिसले, नातीला उचलून घेता येत नाही म्हणून मी पेपर वाचल्याचे सोंग करतो. ते सोंग तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हते. रकाना भरला, मग जादा कागद जोडावा लागला. हौदाची गोष्ट खोटी होती आणि ती मीच सांगितली होती, हेही माझ्या निवेदनात लिहिले. पैलवानाला फोन करून त्याचे निवेदन जोडतो आहे असे कळवले. तो म्हणाला की किस्सा आता नवीन शेवटासकट सांगायला हरकत नाही ना.

काल सकाळी अर्ज द्यायला कार्यालयात गेलो. गोळी घेतली नाही. बूटही घातले नाहीत, पट्ट्याची चप्पल घातली. लिफ्टच्या रांगेत उभा राहिलो. पुन्हा तपासणीला बोलावतील, तेव्हा डोळे पुरते मिटीन. खिडकीतल्या बाईंनी अर्ज, माझे निवेदन, पैलवानाचे निवेदन असे ओळीने लावले, शिक्का मारला आणि पोच लिहिता लिहिता सहज विचारले की काका, बरे आहात ना. उत्तर तोंडाशी तयार होते, देवाच्या दयेसकट. मी म्हणालो की नाही, कंबर फार दुखते आहे, बसायला एक खुर्ची मिळेल का.

त्यांनी आतून स्वतःची आणून दिली. मी बसलो, ताई. पोच हातात धरून चांगली दहा मिनिटे बसलो.

शपथ मोडलीस ते बरे केलेस. यापुढेही अशीच मोडत जा, आणि माया ठेव.

तुझा,
धाकटा