मिलकाच्या मेंदीतलं रिंगण

७ डिसें. ७६, मंगळ.
थोरल्या जाऊ एस्तेरबाई इस्रायलहून आल्या. माझ्या रुथच्या जन्माआधी तिकडे गेलेल्या, आता नणंदेच्या, मिलकाच्या, लग्नाला. मूलबाळ नाही. आल्या आल्या रुथला जवळ ओढलं. नऊ वर्षांची घोडी, ओळख ना पाळख, मांडीवर जाऊन बसली. माझ्या मांडीवर शेवटची कधी बसली, आठवेना.

९ डिसें., गुरु.
ह्यांना सेकंड शिफ्ट. अंगणात ए.बाई पोरींना तिकडचा नाच शिकवतात. खांद्यावर हात, रिंगण, पाय आडवे टाकायचे. शेजारची सुमन कांबळेसुद्धा त्यात. मी लग्नातल्या मलिद्याच्या प्रसादाचे पोहे निवडत दारात. आजवर घरातल्या मेंदीला गाणी, फुगडी माझ्याकडे. मिलका म्हणाली, यंदा एस्तेरवहिनींचाच नाच ठेवू. बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

११ डिसें., शनि.
शब्बाथ, आमचा शनिवारचा विसावा, सुटल्यावर मेंदी. मिलकाच्या बोटाला लागली तशा सासूबाई मला म्हणाल्या, गाणं सुरू कर. घसा बसलाय म्हटलं. खोटं. मग रिंगण धरलं. रुथ ए.बाईंच्या शेजारी, पाय कसे अचूक. मी मध्ये शिरायला गेले.
"आई, तू नको. तू चुकशील."
बायका हसल्या. ए.बाई हसल्या नाहीत. ते जास्त लागलं.

१२ डिसें., रवि.
पुण्याला सिनेगॉगात लग्न. पांढऱ्या साडीत मिलका आत आली, नवऱ्याने उभ्याने गाणं म्हटलं. पुढे रिवाजाप्रमाणे त्याने पेला फोडला. मी रडले. लोकांना वाटलं नणंदेसाठी. रुथ सगळा वेळ ए.बाईंच्या पदराला.

१४ डिसें., मंगळ.
जेवताना ए.बाई ह्यांच्यादेखत सरळ बोलल्या. रुथला तिकडे नेते, शिकवते, तुम्ही मागून या. हे कंपनीत पर्मनंट, नोकरी सोडून जाणारे नव्हेत, तरी म्हणाले, बघू. मी म्हटलं, माझी पोर आहेरात द्यायची नाही.
ए.बाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "सारा, मला एक असती तर तुझी मागितली असती का?"
राग यायला हवा होता. आलाही. पण नुसता राग नव्हता.

१६ डिसें., गुरु.
रुथला शाळेत पाठवलं नाही. दार लावून फुगडी घातली तिच्याशी. गरगरून खाली बसलो दोघी, हसलो. मग विचारलं, काकूबरोबर जायचंय?
"तू येशील?"
मी पाणी प्यायला उठले.

१८ डिसें., शनि.
ए.बाई उद्या परत. कागदपत्रं मागून पाठवतील म्हणे. संध्याकाळी हे रुथला पिंपरी कॅम्पात घेऊन गेले, पासपोर्टच्या फोटोला. वेणी मीच घातली. नको म्हटलं नाही. होही म्हटलं नाही.