आयव्हीचा रंग

९ जानेवारी १९९६, मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया

एर्नकाकाचा खोका आज आला. काका गेला, त्याच्या मुलीने ब्रोकन हिलहून पाठवला. बुटांचा खोका, वर सुतळी. आत माझ्या बापाची पत्रं — भावाला लिहिलेली, वर्षानुवर्षांची. आम्हा पोरांना वाढदिवसाला दोन ओळी कधी लिहिल्या नाहीत या माणसाने, आणि भावाला गठ्ठेच्या गठ्ठे!

खोका कपडे धुण्याच्या खोलीत ठेवलाय, साबणाशेजारी. वाचणार नाही.

११ जानेवारी

वाचली.

सगळी रंगांची. कापणीनंतर गव्हाची धसकटं संध्याकाळी कशी तांबूस होतात — चार पानं. खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यांवरचा हिरवा — तीन. माझा भाऊ कॉलिन जन्मला त्या दिवशीचंही पत्र आहे. पांढऱ्यात निळा किती चालतो यावर भलंमोठं प्रवचन, आणि शेवटी समासात, आडवं: "मुलगा झाला. आयव्ही बरी आहे." आयव्ही म्हणजे आई. नाव तरी लिहिलं, उपकार झाले.

माझा बाप, हेडली पेंगिली, मोठा चित्रकार होता असं सगळे म्हणतात. असेल. त्याच्याबरोबर जेवायला मी बसायचे, ते नाही.

१४ जानेवारी

अ‍ॅडलेडच्या गॅलरीतल्या रेवेल बाई येऊन गेल्या. बापाचं मोठं प्रदर्शन करायचंय, सोबत पत्रांचं पुस्तक — काही पत्रं काकाच्या मुलीने त्यांना आधीच दाखवली होती म्हणे. त्याला आम्हा दोघा भावंडांची परवानगी हवी. कॉलिनने ती आधीच देऊन टाकली आहे — धाकटा तो धाकटाच. हातात धरून खायची मांसाची पेस्टी बाई काट्याचमच्याने खात होत्या. खाणकामगारांच्या मूंटात! कॉलिनने त्यांच्यासाठी मुद्दाम प्लेट गरम केली होती.

"पत्रांमध्ये तुमचे वडील किती मोकळे होतात, नाही?"

"घरात तोंडाला कुलूप असायचं," मी म्हटलं, "कुठेतरी उघडायलाच हवं होतं."

कॉलिनने टेबलाखालून पाय मारला.

मग बाईंनी आईच्या चित्राची चौकशी केली. वडिलांनी तुमच्या आईचं एकच मोठं चित्र केलं म्हणतात, ते कुणी पाहिलेलं नाही, तुमच्याकडे आहे का? मी म्हटलं बघते.

१७ जानेवारी

सापडलं. त्या चित्राबद्दलचं, नोव्हेंबर अठ्ठावन्नचं पत्र; परवा घाईत नजरेतून सुटलं होतं. जसंच्या तसं उतरवते:

"आयव्हीचा रंग शेवटी साधला. दोन महिने तिला खुर्चीवरून हलू दिलं नाही. पोटात दुखतं म्हणते. मी म्हटलं, आणखी आठवडाभर कळ काढ. एर्न, असा रंग मला पुन्हा मिळायचा नाही."

आई फेब्रुवारीत गेली. यकृत सडलं होतं. नोव्हेंबरात तिचे डोळे पिवळे झाले होते — मी सोळा वर्षांची होते, जेवताना मला दिसलं, मी बापाला सांगितलं. "उन्हाने झालंय," म्हणाला आणि चित्रांच्या शेडमध्ये निघून गेला. आई त्याच्या मागोमाग, ॲप्रन काढत. दार आतून बंद. चालू असलेलं चित्र कुणी बघायचं नाही, हा त्याचा कायदा.

तिला पुरलं आणि मी घर सोडलं. पोर्ट पिरीला इस्पितळाच्या मुदपाकखान्यात लागले. चित्र पाहिलं ते थेट सत्तर साली, तो मेल्यावर. शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं होतं. वळवलं — आणि समोर आई. कपाळ, मान, हात, सगळं पिवळं, जुन्या लोण्यासारखं. त्याने तिची कावीळ रंगवली होती. डॉक्टरला बोलवायचं सोडून!

घरी आणलं ते एवढ्यासाठी की दुसऱ्या कुणी भिंतीवर टांगू नये. तेव्हापासून कपाटामागे आहे.

आणि हा रंग त्याला पुन्हा मिळायचा नव्हता म्हणे.

२० जानेवारी

खोका जाळणार होते. नाही जाळणार. छापू देत. पण हे पत्र त्या चित्राशेजारी, मोठ्या अक्षरात. नाहीतर एकही पत्र नाही, असं बाईंना लिहून कळवलं.

२७ जानेवारी

रेवेल बाईंचा फोन. आवाजात साखर. "हे एक पत्र जरा... संदर्भ नसला तर लोकांचा गैरसमज होईल."

"संदर्भ कपाटामागे आहे. येऊन घेऊन जा."

तासाभरात कॉलिन दारात. बाईंनी त्यालाही फोन केला असणार.

"अगं लोर्ना, मेलेल्या माणसाला किती मारशील?"

"आई गेली तेव्हा तू कोचाखाली गाड्या खेळत होतास. तू मला शिकवू नकोस."

"बाबा मला मासे धरायला न्यायचे."

"त्याला धक्क्यावरून समुद्र बघायचा असायचा. तू बादली धरायला होतास."

हे बोलायला नको होतं. पण खरं आहे. चहा न घेता गेला.

३ फेब्रुवारी

गॅलरीने ऐकलं. पत्र छापणार, चित्राशेजारी लावणार. आज माणसं आली, पांढरे हातमोजे घालून, कपाट सरकवलं. रेवेल बाई बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"आता पटलं?" मी विचारलं.

उलट मलाच प्रश्न. "इतकी वर्षं इथेच होतं? अंधारात?"

"मग काय, ओवाळायचं होतं?"

१० फेब्रुवारी

पेपरवाल्याचा फोन. प्रदर्शनाबद्दल हवं होतं. मी पत्र वाचून दाखवलं, आणि चित्र कसं आहे तेही सांगितलं. म्हटलं, बायको मरत होती आणि हा तिच्या मरणाचा रंग कालवत होता. त्याने ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं.

१५ फेब्रुवारी

पहिल्या पानावर आलं. माझं वाक्य मथळ्यात. शेजारची कालव्हर्टची म्हातारी केशराचा केक घेऊन आली, हात धरून बसली — "बिचारी आयव्ही, आम्हाला काही बोलली नाही गं." चॅपलमध्ये मला बघून निम्म्यांनी तोंड फिरवलं. गल्लीला बापाचं नाव द्यायचं ठरत होतं, ते बारगळलं.

बरं वाटतंय. का वाटू नये? कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणायला हवंच होतं.

२ मार्च

कॉलिन फोन उचलत नाही. न उचलो.

२१ मार्च

रेवेल बाई: "तुम्ही एकदा येऊन बघाच. फोनवर नाही सांगता येणार." पत्र काढून टाकायला गळ घालणार, दुसरं काय. जाते. तोंडावर नाही म्हणायला मला आवडेल.

२३ मार्च

अ‍ॅडलेडहून आताच आले. कोट अंगावरच आहे.

वरच्या मजल्यावर नेलं. उत्तरेच्या खिडकीशी, जिथे दिवसभर उजेड असतो, एक चित्र उभं होतं. मी म्हटलं, हे नव्हे. त्या म्हणाल्या, हेच.

आई. गुलाबी. गालांवर वाऱ्याने येते तशी लाली, नाकावर ठिपके, धुणं धुऊन लाल झालेली बोटं. पिवळा कुठेच नाही.

"तुम्ही पुसलंत," मी म्हटलं. "वरून रंगवलंत. त्याचं नाव वाचवायला!"

त्यांनी कडेला चिकटवलेली पुठ्ठ्याची पट्टी उचलून दाखवली. पट्टीखाली कॅनव्हास अजून तसाच, लोण्यासारखा. मुद्दाम झाकून ठेवला होता, मला दाखवायला. "हात लावलेला नाही. फेब्रुवारीपासून नुसतं उजेडात ठेवलंय. जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळा पडतो. उजेड मिळाला की तो पिवळेपणा उतरतो. तुमच्या दारात पाहिलं तेव्हाच शंका आली होती, पण खात्री नव्हती."

आधी त्याच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड, मग माझ्या कपाटामागे. चित्रकाराची पोर मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. कुणी सांगायचं? शेडचं दार बंद.

बसले. त्यांनी पाणी दिलं. मग माझं डोकं पुन्हा फिरलं. समोर बायको पिवळी पडत चाललीय, आणि हा दोन महिने तिच्याकडे बघून गुलाबी लावत बसलाय! आंधळा होता? की बघवत नव्हतं?

"पत्रांत ते नाही," रेवेल बाई म्हणाल्या. "सगळी वाचली मी. कुठेच नाही."

"पत्र राहणार," मी म्हटलं. "कळ काढ म्हणालाच तो तिला."

"हो. ते राहू दे."

पेपरातलं माझं वाक्य कुठे राहणार ते त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. येताना कॉलिनच्या दारावरून आले. दिवा होता. थांबले नाही.

२४ मार्च

आईचा चेहरा आठवायला गेलं की इतकी वर्षं मला पिवळाच यायचा. धडधाकट आई मला आठवतच नव्हती. काल पाहिली.

त्याला आठवत होती.