मधल्या जागेची मालकीण

चिरंजीव अजिनाथ यास मांजरसुंब्याहून थोरल्या अक्काचा आशीर्वाद. तब्येत कशी हाय? नौदलात पोटभर खायला देतेत का? आमी बरे. गुडघा दुखतो, पण त्याचं सांगत बसले तर मुद्दा राहील.

तू मागं फोनवर सांगितलंस, हिंदी महासागरात चीनबी घुसायलाय, अमेरिकाबी ठाण मांडून हाय, अन् आपणबी राखणीला हावोत. मधल्या बारक्या बेटांना सगळेच लाडीगोडी लावतेत. मी म्हणलं, हे तर माझ्या चहाच्या टपरीवानीच झालं. (तू हसलास. ते मी विसरले न्हाई.) एका अंगाला मोहनरावचा ढाबा, दुसऱ्या अंगाला अर्जुनरावचा, अन् हायवेवरून ट्रक आत वळतो तो आपल्याच जागेतून. दोघांचाबी डोळा हिच्यावर. मोहनरावनं पत्र्याचं शेड घालून दिलं, माणुसकी म्हणून. लगेच अर्जुनरावनं नळ आणून दिला, तोबी माणुसकी म्हणून. इतकी माणुसकी मी सासरीबी बघितली न्हाई. मी दोघांनाबी हो म्हणलं.

मग मोहनरावनं अर्जुनरावच्या ढाब्याच्या तोंडाशी टेम्पो आडवा लावला. अर्जुनरावनं मोहनरावच्या ढाब्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर. आत वळलेले ट्रक ना पुढं ना मागं. दोन्ही ढाब्यांवर भाकरी वाळून कडक झाल्या, अन् अडकलेले डायव्हर दिवसभर माझ्याकडं चहा पीत बसले. (मी कशाला गाड्या हटवायला सांगू? दूध दोनदा आणावं लागलं.)

दिवस कलताना दोघं एकदमच आले, माना खाली घालून, आधी गाडी कुणी काढायची ते अक्का तुमीच सांगा म्हणत. मी उठलेसुदिक न्हाई. म्हणलं, वाट दोघांचीबी उघडी राहील, पण ढाब्यावर चहा बंद. जेवण तुमचं, चहा माझा. मोहनराव म्हणला, अक्का, ही दादागिरी हाय. म्हणलं, मग राहू दे टेम्पो. तो काही बोलायच्या आत अर्जुनरावनं ट्रॅक्टर काढला, मग टेम्पोबी गेला. आता डायव्हर मटण तिथं खातेत अन् चहाला माझ्याकडं येतेत. तुमच्या साहेबाला सांग, जगाची घडी बसत नसल तर एक दिवस हिकडं या.

तुझी अक्का,
विजयमाला

ता. क. जागा माझी हाय असं मी दोघांनाबी सांगितलं होतं. बापानं ती तुझ्या नावावर केली हे त्यांना काल कळलं. फोन करतील. उचलू नको. समुद्रात रेंज नसती म्हणून सांगून ठेवलंय.

आणखी एक. यंदा भाऊबीजेला ओवाळणीत ही जागाच घाल. साडी आणू नको. दोघांनीबी एकएक पाठवलीय.